शेतीवाल्या घरात लग्न करून गेल्यावर बाईला नक्की किती काम पडतं? आणि घरात तिचा शब्द चालतो का?

तुम्ही पुण्यात नोकरी करता, स्थळ कोल्हापूरकडच्या कागल तालुक्यातलं आहे, तीन एकर ऊस आणि दोन म्हशी, आणि मुलाकडचे म्हणतायत "शेतात जायला लागणार नाही." मी करवीर तालुक्यातल्या अशाच एका घरातली सून आहे, म्हणून लिहिते.

ते खोटं बोलत नसतील. उसाच्या घरात बाईला रोज शेतात जावं लागत नाही. लागणीला कांड्या पसरणं, खत टाकणं, भांगलण (म्हणजे खुरपणी), हे सगळं भरणीपर्यंत, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर लावेपर्यंत. एकदा भरणी झाली की ऊस आपला आपण वाढतो आणि तोडायला बीडकडच्या टोळ्या येतात. (त्या टोळ्यांतल्या बायकांचे हाल हा वेगळा विषय आहे.) मधे फेरपालटाला सोयाबीन किंवा भुईमूग असेल तर मात्र कंबर मोडते. टोकणणी, भांगलण, शेंगा तोडणं, सगळं बायकांच्या अंगावर. हल्ली तणनाशकानं भांगलण कमी झालीय हे खरं. पण माझं निरीक्षण असं की ज्या कामाला मशीन किंवा पंप आला ते काम पुरुषाचं झालं, आणि जे वाकून, बसून, हातानं करायचं ते आमच्याकडंच राहिलं.

तुम्ही विचारायला हव्यात त्या म्हशी. उसाला सुट्टी असते, म्हशीला नसते. पहाटे शेण काढायचं, गोठा धुवायचा, वैरण आणायची, कापायची, पेंड भिजत घालायची. धार आमच्याकडं पुरुषही काढतात आणि किटली घेऊन डेअरीला तर हौसेनं जातात, तिथं चार माणसं भेटतात. शेणाची पाटी उचलायला तेवढं कुणी पुढं येत नाही. कोल्हापुरात गंगावेशीला उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं, पण वैरण कुणी कापली हे तिथं कोण विचारणार!

आणि एक. पुण्यातल्या मुलीला वाटतं की शेतीत राबवणारा नवरा असतो. सुरुवातीची बरीच वर्षं सासूच राबवते. डेअरीची चिठ्ठी घरी आली की आमच्या सासूबाई आधी फॅट बघतात. फॅट उतरली की प्रश्न मला, "पेंड किती घातलीस गं?" त्यांना तो अधिकार आहे, कारण डेअरीचं खातं त्यांच्या नावावर आहे. दर दहा दिवसांनी बिल निघतं, पशुखाद्याचे पैसे वळते होऊन उरलेले त्यांच्या हातात येतात, दिवाळीला वर्षभराच्या दुधावर जादा रक्कम, म्हणजे फरक, मिळतो तोही. किराणा, पोरांची फी, पाहुण्यांचा आहेर त्यातूनच होतं, त्यामुळं आमच्या घरात सासऱ्यांनाही त्यांना विचारून बोलावं लागतं. शेजारच्या घरात म्हशी जास्त, राबणूक जास्त, पण खातं दिराच्या नावावर. तिथली जाऊ चप्पल घ्यायची झाली तरी पैसे मागते. 1963 साली स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघामुळं गावोगावच्या दूध संस्थांत दुधाचा पैसा खेळायला लागला हे मान्यच, पण तो घरातल्या कुणाच्या हातात पडतो हे त्या त्या घरावर आहे.

उसाचं बिल तर आमच्यापर्यंत पोचतच नाही. कारखान्याकडून ते बँकेत जातं, गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज आधी कापलं जातं आणि उरेल ते खातेदाराचं. सोसायटीचा सभासद, कारखान्याचा शेअर, पीककर्ज, सगळी गाठ सातबाऱ्याशी. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांत बायका जेमतेम 14 टक्के होत्या. आमच्या भागात बहुतेकींचं नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा चढतं ते नवरा गेल्यावर, वारस म्हणून.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो राज्यभर गाजला. चांगलंच झालं. पण नवरा जिवंत असताना त्याच्या नावावरच्या जमिनीवर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय 1992 पासून आहे, ती मात्र फारशी कुणी वापरत नाही. लक्ष्मीमुक्ती म्हणतात तिला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ती मोहीम चालवली होती. खरेदीखत नको, बक्षीसपत्र नको, नवऱ्यानं आपण होऊन तलाठ्याकडं अर्ज द्यायचा. आमच्या ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "मला काय अडचण नाही, पण भावकी काय म्हणंल?" भावकी पेरायला येत नाही, पण नाव लावताना तिचं मत लागतं!

तर बघण्याच्या कार्यक्रमात "शेतात जायला लागेल का" हे विचारू नका. डेअरीचं खातं कुणाच्या नावावर आहे ते विचारा. जमीन मुलाच्या नावावर आहे की अजून सासऱ्यांच्या, तेही. सासऱ्यांच्या नावावर असेल तर वाटणी होईपर्यंत लक्ष्मीमुक्तीचा तुम्हाला उपयोग नाही. पहिल्यांदा विचारलंत की सगळे एकमेकांकडं बघतील, बघू देत. नोकरी सोडायची अट असेल तर माझं मत स्पष्ट आहे, सोडू नका. गोठ्याला गडी मिळतो, तुमच्या पगाराला पर्याय मिळत नाही.

आणि तुमच्या माहेरी वडिलोपार्जित जमीन असेल तर तिकडंही लक्ष असू द्या. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीचा त्यात मुलाइतकाच हिस्सा आहे. हक्कसोडपत्रावरची सही बऱ्याचदा लग्नाच्या गडबडीत नाहीतर भाऊबीजेला मागतात, म्हणजे नाही म्हणायला तोंडच उघडत नाही. कागद घरी घेऊन जा, वकिलाला दाखवा, मग काय ते ठरवा.