वनस्पती आयसोफ्लेव्होन (मुख्यतः शेंगवर्गीय झाडांतली, इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं) कसे बनवतात? दुसऱ्या पिकात ते आणता येतील का?

येतील. पण ‘एक जनुक घातलं की झालं’ असं कोणी सांगितलं, तर तो माणूस एचपीएलसीसमोर (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं यंत्र) कधी बसलेला नाही असं समजा.

नारिंजेनिन या मधल्या द्रव्यापर्यंतची वाट बहुतेक झाडांत सारखीच, ती तुम्हाला ठाऊक असेल. सोयाबीन, हरभरा या मंडळींकडे जास्तीचं असतं ते आयसोफ्लेव्होन सिंथेज हे विकर (एन्झाइम). ते नारिंजेनिनच्या रेणूतलं ‘बी’ नावाचं वलय दुसऱ्या कार्बनवरून तिसऱ्यावर सरकवतं, मग पाण्याचा रेणू निघाला की जेनिस्टीन हे आयसोफ्लेव्होन तयार. डायडझीन या दुसऱ्या आयसोफ्लेव्होनला त्याआधी चॅल्कोन रिडक्टेज हे विकरही लागतं. झाड हे आपल्या तब्येतीसाठी करत नाही. मुळांतून ही द्रव्यं सोडून ते गाठी करणाऱ्या जिवाणूंना बोलावतं.

एमएस्सीला आमच्या गाईडना आयसोफ्लेव्होन सिंथेजचं जनुक तंबाखूत घालायचं होतं. रोपं आली, पीसीआर या डीएनए चाचणीत जनुक दिसलं, पण पक्व पानांचा क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) जवळपास सपाट, म्हणजे जेनिस्टीन जवळपास नाहीच. सर म्हणाले, “तुझं एक्स्ट्रॅक्शन कच्चं आहे.” मी म्हटलं, सर, पानात नारिंजेनिन शिल्लक आहे कुठे? जे थोडंफार बनतं त्यावर एफ३एच हे झाडाचं दुसरं विकर आधीच ताव मारतं. आपलं विकर पंगतीला उशिरा आलेला पाहुणा. गुलाबी पाकळ्या तपासू, तिथे अँथोसायनिन या रंगद्रव्यासाठी ही वाट जोरात चालू असते. २००० सालचा पेपरही पुढे ठेवला, तंबाखूच्या फुलांत जेनिस्टीन सापडल्याचा. सरांनी तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला! पुढे ज्युनिअरने पाकळ्या तपासल्या, जेनिस्टीन तिथेच निघालं. सेमिनारमध्ये ती कल्पना सरांची झाली होती.

तेव्हा तुम्ही करणार असाल तर आधी कच्चा माल बघा, जनुक नंतर. सोयाबीनमध्येच क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने एफ३एच आणि फ्लेव्होन सिंथेज ही कच्चा माल पळवणारी विकरं बंद केल्यावर पानांतले आयसोफ्लेव्होन वाढले, नवं काही घालावं लागलं नाही. यीस्टमध्ये करायचं तर आयसोफ्लेव्होन सिंथेजला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या पी४५० रिडक्टेजची जोडी चांगली निवडा. आणि सॅम्पल फूल, मूळ, कोवळं पान सगळ्यांचं घ्या, गाईड काहीही म्हणोत. वहीत तारीख घालून त्यांची सही घ्या, हे त्याहून महत्त्वाचं.

हां, एक राहिलं. फायद्याचं सरसकट धरू नका. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर चरून मेंढ्या वांझ झाल्या, कारण त्यातलं फॉर्मोनोनेटिन, तेही एक आयसोफ्लेव्होनच. जनावरांच्या चाऱ्यात हे वाढवायचा विचार असेल तर सोडून द्या.