बुरशी वनस्पतींची संप्रेरके का तयार करते?

प्रश्न : जिबरेलिन हे वनस्पतींची वाढ घडवणारे संप्रेरक व्यापारी प्रमाणावर बुरशीपासून मिळवतात, असे वाचले. बुरशीला ना खोड, ना पान. मग ती ते कशी आणि कशासाठी बनवते? ही विद्या तिने वनस्पतींकडूनच घेतली आहे का?

उत्तर : मुळात जिबरेलिनचा शोध बुरशीतच लागला. भाताची रोपे अवाजवी उंच व फिकट होऊन कोलमडतात, त्या रोगाला जपानीत ‘बाकानाए’ म्हणतात. या रोगाची बुरशी ज्या द्रवात वाढवली, तो गाळून निरोगी रोपांना दिला तरी ती तशीच उंच वाढतात, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानमध्ये दाखवले. पुढे १९३५ मध्ये जपानचेच रसायनशास्त्रज्ञ याबुता यांनी या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. वनस्पती स्वतःही ते बनवतात हे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सिद्ध झाले.

विद्या उसनी घेतल्याचे मात्र दिसत नाही. बुरशी व वनस्पती या दोघांकडेही वीस कार्बन अणूंच्या एकाच रेणूपासून, दोन टप्प्यांत, कॉरीन हा जिबरेलिनच्या वाटेवरचा मधला रेणू तयार होतो. पण सपुष्प वनस्पतींमध्ये या कामाला दोन वेगवेगळी एन्झाइमे लागतात, तर बुरशीचे एकच एन्झाइम दोन्ही टप्पे उरकते. पुढच्या टप्प्यांचा क्रम वेगळा आहे, ते घडवणारी एन्झाइमेही वेगळ्या कुळातली आहेत. शिवाय बुरशीत यासाठीची सात जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात, वनस्पतींत ती विखुरलेली असतात. दोन घराण्यांनी स्वतंत्रपणे एकाच रेणूपर्यंत पोहोचावे, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते.

बुरशीच्या स्वतःच्या वाढीला जिबरेलिन लागत नाही. ते बनवू न शकणारे वाणही प्रयोगशाळेत नीट वाढतात. ते वापरले जाते यजमानावर, म्हणजे बुरशी ज्या वनस्पतीवर वाढते तिच्यावर : वनस्पतीच्या पेशींत वाढीला आवर घालणारी डेला प्रथिने जिबरेलिनमुळे नष्ट होतात आणि, ही प्रथिने संरक्षणयंत्रणेशीही जोडलेली असल्यामुळे, रोपाचा प्रतिकारही त्यासरशी बदलतो. बुरशी हे उत्पादन नायट्रोजन मुबलक असताना जवळपास बंद ठेवते, म्हणून कारखान्यातील किण्वनातही नायट्रोजन बेताचाच राखावा लागतो.

इतर संप्रेरकांविषयी थोडक्यात. अनेक बुरश्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून ऑक्झिन बनवतात. अॅब्सिसिक आम्ल वनस्पती चाळीस कार्बनांच्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचे तुकडे करून मिळवतात. करड्या बुरशीचा रोग घडवणारी बोट्रायटिस मात्र तेच आम्ल पंधरा कार्बनांच्या रेणूपासून थेट घडवते.