उपवास सुटल्यावरचे पहिले पाच दिवस

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: नुसत्या पाण्यावर केलेला उपवास सोडायचा कसा? फराळाचे उपवास इथे धरलेले नाहीत. ज्यात साबुदाणा, वरई, फळं, दूध चालतं, तो उपवास शरीराच्या लेखी जेवणच असतो.

प्रश्न: सासूबाईंची अठ्ठाई, म्हणजे जैनांचा आठ दिवसांचा उपवास, चालू आहे. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. वय ५८, वजन ५२ किलो, सकाळी रक्तदाबाची एक गोळी. पारण्याला राब, शिरा आणि सुक्यामेव्याचं दूध असा बेत घरात ठरतोय. नेमकं काय द्यावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: तो बेत आठवडाभर पुढे ढकला. राब आणि शिरा म्हणजे पीठ, गूळ-साखर आणि तूप. आठ दिवसांच्या उपवासानंतर नेमकं हेच पहिल्या दिवशी नको असतं, आणि कारण पचनाचं नाही, रक्ताचं आहे.

उपवासात शरीर साखर सोडून चरबीवर चालायला लागतं आणि इन्सुलिन तळाला जातं. शरीरातला फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा हळूहळू आटत असतो, पण रक्तातले आकडे मात्र ठीक दिसत राहतात. मग गोड किंवा पिठूळ काही पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि पेशी साखरेबरोबर ही तिन्ही खनिजं रक्तातून ओढून घेतात. फॉस्फरस घसरला की श्वासाचे स्नायू आणि हृदय थकतं. पोटॅशियम-मॅग्नेशियम घसरलं की ठोके चुकतात. साखर वापरायला लागणारं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तेही अपुरं पडतं. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. तो बहुधा पहिल्या पाच दिवसांत दिसतो, पहिल्या घासाला क्वचितच. त्यामुळे पारण्याच्या दिवशी सगळं सुखरूप झालं आणि तिसऱ्या दिवशी माणूस धापा टाकू लागला, असं होऊ शकतं.

आता त्या गोळीकडे वळू. पाकिटावर हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड लिहिलंय का बघा. ही लघवी वाढवणारी औषधं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बाहेर काढतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच दिवसांपेक्षा जास्त काळ पोटात जवळपास काही नसणं ही एक जोखीम आणि लघवीचं औषध ही दुसरी. दोन्ही एकत्र आल्या की माणूस जास्त जोखमीच्या गटात जातो. त्या गटासाठी सुरुवातीचं प्रमाण आहे दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० कॅलरी. सासूबाईंसाठी ते झालं ५२०. ही गोळी असेल तर पारणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. गोळी चालू ठेवायची, थांबवायची की बदलायची, तेही त्यांनीच ठरवायचं.

पारण्याआधी रक्त तपासून घ्या. प्रयोगशाळेत ‘इलेक्ट्रोलाइट्स’ एवढंच सांगितलं तर सहसा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड करून देतात. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळं मागावं लागतं. फॉस्फरसची नेहमीची पातळी साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. हीच तपासणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा करा, कारण पहिला अहवाल चांगला असला तरी तो खाण्याआधीचा असतो. आकडा २.५ च्या खाली आला तर खाणं वाढवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १ च्या आसपास गेला तर थेट रुग्णालय.

थायमिनबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम, पहिल्या घासाच्या आधी सुरू करून दहा दिवस, अशी शिफारस आहे.

पहिल्या दिवसाचं साहित्य एवढंच: मूगडाळ ४५ ग्रॅम, तांदूळ ३० ग्रॅम, गाईचं दूध ३०० मिलिलिटर, तूप १ छोटा चमचा. सगळं मिळून पाचशेच्या आसपास कॅलरी. वाटी-चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. घराघरातल्या वाट्या सारख्या नसतात आणि प्रेमानं भरलेली वाटी तर नेहमी मोठीच असते.

डाळ पाऊण लिटर पाण्यात पूर्ण गळेपर्यंत शिजवा, घोटा, किंचित मीठ आणि चिमूटभर सुंठ घाला. हे कढण गाळू नका. गाळलं तर डाळ चोथ्यात जाते आणि हातात नुसतं पिवळं पाणी उरतं. तांदळाची पेज पातळ, तूप त्यातच. नवकारशीनंतर, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, साधारण सातला पारणं होईल. सातला कढणाचा एक तृतीयांश भाग, तोही पंधरा-वीस मिनिटं लावून, घोटघोट. नऊला १५० मिलिलिटर कोमट दूध. अकराला अर्धी पेज. एकला कढण. तीनला उरलेलं दूध. पाचला उरलेली पेज आणि कढण. दूध तापवलेलं असल्यामुळे द्विदळाची, म्हणजे कच्चं दूध-दही आणि डाळ एकत्र न खाण्याच्या जैन नियमाची, अडचण नाही, तरी दूध आणि डाळ वेगवेगळ्या वेळी दिली की पोटही हलकं राहतं. दुधानं गुबारा धरला तर ते थांबवून त्या वेळेला ताजं दही फेटून द्या. तिथे मात्र द्विदळ सांभाळावं लागेल.

सगळं ठीक असेल तर रोज दीडशे ते दोनशे कॅलरींनी वाढवत जा. दुसऱ्या दिवशी तेच पदार्थ थोडे जास्त आणि शिजवलेला दुधी. तिसऱ्या दिवशी डाळ-तांदूळ समसमान घेऊन आठपट पाण्यातली आसट खिचडी, पपईच्या दोन फोडी. चौथ्या दिवशी एक फुलका आणि बिनतिखट भाजी. सहाव्या-सातव्या दिवशी नेहमीचं ताट. नातेवाईक पारणं करवायला येतात तेव्हा प्रत्येकाच्या हातून एकेक घोट, हे आधीच सांगून ठेवा. पंधरा जणांनी एकेक चमचा राब भरवली की गणित तिथेच बिघडतं.

प्रश्न: मी २७ वर्षांचा, वजन ७८ किलो, कोणताही आजार नाही. तीन दिवस फक्त पाणी प्यायलो. सोडताना मिसळ खाल्ली आणि रात्रभर जुलाब झाले. वजन तीन किलोनं उतरलं होतं, त्यातलं दोन किलो चार दिवसांत परत आलं. उपवास वाया गेला का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: तीन दिवसांच्या उपवासात धडधाकट, वजनदार माणसाला रिफीडिंगचा धोका कमी असतो. तुमचं भांडण पोटाशी झालं. तीन दिवस आतड्याला काम नव्हतं, पित्त पित्ताशयात साठून घट्ट झालं होतं, आणि त्यावर तेलाची तर्री, फरसाण, कच्चा कांदा आणि पाव एकदम उतरला. तीन दिवसांच्या उपवासाला एक दिवस नेहमीच्या निम्मं जेवण, चार-पाच वेळा विभागून, हे पुरतं: मऊ भात आणि वरण, दही, शिजवलेली भाजी, केळं, चालत असेल तर उकडलेलं अंडं. तळण, तिखट, कच्ची कोशिंबीर आणि मद्य दुसऱ्या दिवसानंतर. दोन दिवस जिम नको.

परत आलेलं वजन म्हणजे मुख्यतः पाणी. यकृतात आणि स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. उपवासात ते दोन्ही जातं, जेवल्यावर दोन्ही येतं. शिवाय जेवणातलं मीठ पाणी धरून ठेवतं. चरबी उतरली ती उतरलीच, फक्त ती काट्यावर दिसली त्यापेक्षा बरीच कमी होती.

या उत्तरातला पथ्यक्रम तीन-चार दिवसांच्या उपवासापुरता आहे. पाच दिवसांच्या पुढचा पाण्याचा उपवास घरी, स्वतःच्या मनानं करू नका. वजन आधीच कमी असणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिला, मूत्रपिंडाचे किंवा गाउटचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे आणि खाण्याशी बिनसलेलं नातं असलेले, यांनी एका दिवसाचाही करू नये.

प्रश्न: उपवास संत्र्याच्या किंवा मोसंबीच्या रसानं सोडायचा, हे लहानपणापासून ऐकतो. गांधीजीही तसेच सोडत. मग अनेक जण फळांच्या रसाला नको का म्हणतात? (एक वाचक, अकोला)

उत्तर: गांधीजींचा पुण्याच्या आगाखान पॅलेसमधला २१ दिवसांचा उपवास १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ असा झाला आणि तो रसानंच सुटला. पण त्या उपवासातही पाणी घशाखाली उतरावं म्हणून ते त्यात थोडा फळांचा रस घालत होते, आणि उशाशी डॉक्टर होते. म्हणजे तो काटेकोर अर्थानं पाण्याचा उपवासच नव्हता.

अडचण रसात नाही, रसाच्या पेल्यात आहे. १०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात दहाएक ग्रॅम साखर असते. तेवढाच रस, तितकंच पाणी घालून, सावकाश घेतला तर कुणाचं बिघडत नाही. उसाच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात मात्र तीस ग्रॅमच्या वर साखर जाते, आणि फॉस्फरस नावालाच. दिवसभर रसावर राहणारे ‘हलकं घेतोय’ असं समजतात. प्रत्यक्षात ते इन्सुलिनला पुन्हापुन्हा हाक देत असतात आणि फॉस्फरसची भरपाई मात्र करत नाहीत. साबुदाण्याचंही तेच: तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. साबुदाण्याच्या खिचडीनं मोठा उपवास सोडणं म्हणजे वरून तूप आणि दाण्याच्या कुटाचा भार. दूध, दही, डाळ आणि अंडं यांत फॉस्फरस आहे, म्हणून पहिल्या दिवसापासून यातलं काहीतरी ताटात हवं.

नारळपाणी चालेल, दिवसाला एक. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-लोसार्टनसारखी गोळी चालू असेल तर आधी विचारून घ्या. त्या गोळ्या पोटॅशियम वर चढवतात.

प्रश्न: उपवास सोडून चार दिवस झाले आणि दोन्ही पाय घोट्यापाशी सुजले. मीठ कमी झालंय म्हणून शेजारी ओआरएस घ्यायला सांगतात. (एक वाचक, नांदेड)

उत्तर: ओआरएस नको. खाणं सुरू झाल्यावर वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायला लावतं आणि त्यामागोमाग पाणी साचतं. हलकी सूज आठवडाभरात उतरते. मीठ आणि पिठूळ पदार्थ थोडे कमी करा, बसताना पाय उंचावर घ्या, रोज सकाळी वजन करा. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा, कारण हीच सूज हृदयावर ताण आल्याचंही लक्षण असू शकते.

धाप, धडधड, हातापायांत मुंग्या किंवा अचानक अशक्तपणा, दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात असंबद्धपणा, आकडी: यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन. आणि रुग्णालयात पाऊल टाकताच पहिलं वाक्य सांगायचं, “इतके दिवस नुसत्या पाण्यावर होते, अमुक दिवशी खायला सुरुवात केली.” हे न सांगता अशक्तपणा एवढंच सांगितलं तर ग्लुकोजची बाटली लागण्याची शक्यता असते. थायमिनच्या आधी ग्लुकोज शिरेतून गेलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. गल्लीतल्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावून टाका’ हा आग्रह तर मुळीच धरू नका.

प्रश्न: मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू. नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहून दसऱ्याला सोडायचा विचार आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: करू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या उपाशीपोटी चालू राहिल्या तर रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळपास सामान्य दिसते. यंत्र ‘ठीक आहे’ म्हणत असताना माणूस अतिदक्षता विभागात पोचतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास ही त्याची लक्षणं. गोळ्या स्वतःहून बंद करून उपवास करणं हाही मार्ग नाही. देवीचा नेम मोडायचा नसेल तर दोन वेळचं मोजकं फराळी खाणं आणि औषधांचे बदललेले डोस, हे घटस्थापनेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे बसून ठरवा.

प्रश्न: वैद्यांनी लंघनानंतर (उपवासानंतर) पेया म्हणजे पातळ पेज, विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग यूष म्हणजे डाळीचं कढण असा क्रम दिलाय. चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: क्रम शहाणपणाचा आहे. पातळाकडून घट्टाकडे, थोड्याकडून जास्तीकडे. पेयेला तांदळाच्या चौदापट पाणी, विलेपीला चौपट. मात्र हा क्रम, ज्याला संसर्जन क्रम म्हणतात, वमन-विरेचनानंतरचा, म्हणजे औषधानं उलटी-जुलाब घडवल्यानंतरचा आहे, तेव्हा शरीराचे साठे आटलेले नसतात. उपवास पाच दिवसांपेक्षा मोठा असेल तर पहिले दोन दिवस नुसत्या तांदळावर काढू नका. मुगाचा यूष किंवा दूध पहिल्याच दिवशी सुरू करायची परवानगी वैद्यांकडून मागून घ्या, ते नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न: चहा कधी? आणि पोट साफ होत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: चहा दुसऱ्या दिवशी, काहीतरी खाल्ल्यानंतर, अर्धा कप, अर्धा चमचा साखर. पोट तीन-चार दिवस साफ झालं नाही तर बिघडलं असं नाही, आत काही नव्हतंच. एरंडेल किंवा जुलाबाची गोळी घेऊ नका, त्यात पोटॅशियम जातं. कोमट पाणी, पपई, शिजवलेली भाजी आणि थोडं चालणं. पाचव्या दिवशीही काही नसेल किंवा पोट फुगून दुखत असेल तर दाखवून या. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ येत असेल तर पित्ताशयात खडे झालेत का हे सोनोग्राफीत पाहून घ्यावं लागेल.