टाकीवरची लाइट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दोन फुटांची माशांची टाकी आहे, तिच्यासाठी नवीन एलईडी पट्टी आणलीये. दोन्ही टोकांना सरकणारे पाय आहेत, पण आमच्या टाकीवर काचेचं झाकण आहे तर पट्टी सरळ झाकणावरच ठेवली तर काय बिघडेल? आणि ॲडाप्टर कुठे ठेवायचा? प्लगचा बोर्ड टाकीच्या मागे, बराच खाली आहे.

उत्तर: झाकणावर आडवी ठेवू नका. एलईडी थंड असते असं लोक म्हणतात ते अर्धंच खरं आहे, उजेडाच्या बाजूने उष्णता कमी जाणवते पण चिपची सगळी गरमी पाठीमागच्या ॲल्युमिनिअममधून बाहेर पडते, त्यामुळे पट्टीच्या आजूबाजूला हवा खेळती हवी, नाहीतर लाइट हळूहळू मंद होत जाते आणि लवकर जाते. ते पाय त्यासाठीच दिलेत. टाकी रुंदीला थोडी कमीजास्त असली तरी पाय दोन्हीकडे सारखेच बाहेर ओढा, एक बाजू पूर्ण बाहेर आणि दुसरी आत असं केलं की वजन एकीकडे जातं आणि झाकण उघडताना धक्का लागला की पट्टी पाण्यात. पायांना काच धरायची खाच असेल तर तुमच्या काचेची जाडी त्यात नीट बसते का ते आधी बघा, ढिली बसत असेल तर रबराचा तुकडा घाला, घट्ट होत असेल तर जोर अजिबात लावू नका, काचेच्या कडेचा टवका उडायला वेळ लागत नाही.

झाकण मात्र राहू द्या, वाफ अडते, मासे उडी मारून बाहेर पडत नाहीत. फक्त ते पुसत जा. पाणी जड असेल तर काचेवर पांढरा थर चढतो आणि उजेड तिथेच अडतो, मग आपल्याला वाटतं लाइट कमजोर झाली. पांढऱ्या व्हिनेगरने निघतो, नंतर साध्या पाण्याने धुऊन घ्या, साबण नको.

आता वायर, आणि हे मी मुद्दाम जास्त सांगणार आहे. पट्टीवर आयपी६७ वगैरे लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याचा झोत सहन करेल, ७ म्हणजे एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास बुडाली तरी चालेल, ८ म्हणजे कंपनीने सांगितलेल्या खोलीत कायम बुडून राहिली तरी चालेल. पण हा आकडा पट्टीचा असतो, ॲडाप्टरचा नाही, आणि वायरच्या मध्ये जे छोटं बटण किंवा डिमर असतं त्याचाही असेलच असं नाही. मी स्वतः एकदा ॲडाप्टर झाकणावर ठेवला होता, रात्रभराच्या वाफेने झाकण ओलं झालं आणि तो घसरून पाण्याच्या इंचभर वर लोंबकळताना सकाळी दिसला. त्या दिवसापासून ॲडाप्टर टाकीच्या वर नाही म्हणजे नाही.

तुमचा बोर्ड खाली आहे म्हणून अजून काळजी घ्यायची. थेंब वायरला धरून खाली येतो आणि वायर सरळ प्लगमध्ये जात असेल तर तोही सरळ प्लगमध्येच जातो. म्हणून वायरला प्लगच्या खालपर्यंत झोळ द्या, म्हणजे वायर आधी प्लगच्या खाली उतरली पाहिजे आणि मग वर वळून प्लगमध्ये गेली पाहिजे, थेंब त्या झोळाच्या तळाशीच गळून पडतो. ॲडाप्टरच्या आधीच्या वायरलाही असाच झोळ द्या. बोर्ड इतका खाली असेल की झोळाला जागाच नाही, तर इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड बाजूला आणि थोडा वर घ्या, टाकीच्या बरोब्बर खाली तर नकोच. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर भोकं वर करून ठेवणं सगळ्यात वाईट. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन आपोआप तोडणारा स्विच, आहे का बघा (बरेच जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात), असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते पण बघा, नसेल तर टाकीच्या निमित्ताने बसवून घ्या. आणि पाण्यात हात घालण्याआधी लाइट, हिटर, फिल्टर तिन्हीचे प्लग काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. काम झालं की फिल्टर परत लावायला विसरू नका.

प्रश्न: तीन फुटांची उघडी टाकी करतोय, लाइट छतावरून टांगायची आहे. किती उंचीवर टांगू आणि हुक कुठे मारू?

उत्तर: टाकी अजून भरली नसेल तर फार छान, ड्रिल आत्ताच करून घ्या. सिमेंटची धूळ पाण्यात पडली तर पीएच वर जातो आणि माशांना त्रास होतो. टाकी भरलेली असेल तर ती प्लास्टिकने पूर्ण झाकूनच काम करा. हुक स्लॅबमध्ये, फास्टनर घालून. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये कधीच नाही, ते स्वतःचं वजन कसंबसं पेलत असतं. स्टीलच्या तारा दोन वेगवेगळ्या हुकांना बांधा म्हणजे एक सुटली तरी दुसरी धरून ठेवेल, आणि लाइटची स्वतःची वायर वजन पेलायला वापरू नका, ती तारांबरोबर वर नेऊन छतावरून भिंतीकडे उतरवा. याचा एक फायदा असा की टाकीतलं पाणी वायरीवरून प्लगपर्यंत पोचायचा रस्ताच राहत नाही.

उंची पाण्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर सुरू करा. वर घेतली की उजेड पसरतो पण तीव्रता कमी होते, खाली घेतली की मधे भगभगीत आणि कडेला अंधार. तारेला उंची बदलायची सोय असलेलीच घ्या. आणि एक, खुर्चीत बसून टाकी बघा. उजेड डोळ्यात घुसत असेल तर थोडी खाली आणा किंवा लाइटच्या कडेला उजेड अडवणारी आडपट्टी लावा.

प्रश्न: मोठ्या वॅटची लाइट घेतली, सकाळपासून रात्रीपर्यंत बारा तास चालू असते. टाकीत ॲन्युबियस आणि जावा फर्न आहे. सगळ्या काचा हिरव्या, ॲन्युबियसच्या पानांवर पण हिरवे ठिपके. लाइट खराब निघाली का?

उत्तर: लाइट चांगली आहे, तुमच्या झाडांना ती जास्त होतेय. ही दोन्ही सावलीतली, हळू वाढणारी झाडं आहेत, एक नवीन पान यायला ॲन्युबियस आठवडे घेतं, त्यामुळे उरलेला उजेड आणि पाण्यातलं खत शेवाळ वापरतं, आणि पान जुनं होईपर्यंत तिथेच असल्यामुळे ठिपके त्याच्यावर बसतात. वेळ सहा तासांवर आणा, डिमर असेल तर निम्म्यावर आणा, नसेल तर पट्टी वर उचला. टायमर लावाच, ते पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचं साधं फिरतं टायमर पण चालतं, रोज हाताने लावणारा माणूस एक दिवस विसरतोच. मग दोन-तीन आठवडे काही बदलू नका, काचा घासा, पाणी बदला, बघत राहा. खिडकीतून ऊन टाकीवर येत असेल तर तोही उजेडच, पडदा लावा.

लोक खोक्यावरचे लुमेन बघून लाइट घेतात ही माझी जुनी खंत आहे. लुमेन माणसाच्या डोळ्याला किती उजळ दिसतं ते सांगतो, आणि आपल्या डोळ्याला उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट रंग सगळ्यात जास्त दिसतो. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड वापरतात, त्यात निळा आणि लाल त्यांच्या क्लोरोफिलला जास्त लागतो. म्हणून जमिनीवर गालिच्यासारखी पसरणारी झाडं लावायची असतील तर पारचा (PAR, म्हणजे झाडांच्या कामाचा हाच ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड) आकडा बघा, आणि तोही टाकीच्या तळाशी किती मिळतो तो. तुमच्यासारख्या टाकीला ६५०० केल्विनची साधी पांढरी लाइट भरपूर झाली.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. सकाळी लाइट लावली की माझे निऑन टेट्रा एकदम सैरावैरा पळतात, एक तर काचेवर आपटला. रात्री निळी लाइट चालू ठेवली तर घाबरणार नाहीत का?

उत्तर: तू हे बघितलंस आणि विचारलंस याचं मला खूप कौतुक वाटलं. माशांना आपल्यासारख्या पापण्या नसतात रे, मिटून घ्यायची सोयच नाही, गडद अंधारातून एकदम झगझगाट झाला की पळणारच. निऑन तर मुळात झाडांच्या सावलीतल्या, चहासारख्या रंगाच्या पाण्यातले. आधी खोलीतला दिवा लाव किंवा पडदा उघड, पंधरा-वीस मिनिटं जाऊ दे, मग टाकीची लाइट. संध्याकाळी उलटं कर, टाकीची आधी बंद, खोलीची नंतर. वर तरंगणारी झाडं थोडी टाकलीस तर खाली सावली मिळेल, अर्धा पृष्ठभाग मोकळा ठेव मात्र. निळी लाइट रात्रभर नको, माशांना पण झोप लागते आणि झोपेला अंधार लागतो. झोपायच्या आधी अर्धा तास ठेवलीस तर चालेल. आणि प्लग काढणं-लावणं घरातल्या मोठ्यांसमोरच, कोरड्या हातांनी.

प्रश्न: जुन्या झाकणात ट्यूबलाइट आहे, त्यातच एलईडी ट्यूब बसेल का?

उत्तर: लांबी आणि जाडी जुळली (जुनी टी८ ट्यूब २६ मिलिमीटर जाड असते, टी५ १६) तरी आतल्या चोकचा प्रश्न राहतो. काही एलईडी ट्यूब चोकवर चालतात, काहींना चोक काढून सरळ लाइन द्यावी लागते. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि होल्डरला गंज धरलेला असेल तर त्या झाकणाचा नाद सोडून वरून पाय असलेली पट्टी लावा. काढलेली ट्यूब फोडू नका, आत पारा असतो.