टीव्ही मालिकेतल्या कलाकारामुळे खरंच कोणी अंतराळवीर झालं आहे का?

हो, झालं आहे. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या अमेरिकी मालिकेत लेफ्टनंट उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांच्यामुळे.

आमच्या लहानपणी ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. शेजारच्या काकूंकडे चटईवर बसून बघायचो. इंग्रजी संवाद डोक्यावरून जायचे. पण कप्तानाच्या मागे बसलेली, कानात चकचकीत यंत्र घालून लांबून येणारे आवाज ऐकणारी ती बाई पक्की लक्षात राहिली. ती काहीतरी सांगते आणि सगळं यान सावध होतं, एवढं कळायला इंग्रजी लागत नव्हतं. तिचा पोशाख लाल होता हे मात्र कित्येक वर्षांनी समजलं, काकूंचा टीव्ही कृष्णधवल होता.

मालिका १९६६ची. पहिल्या पर्वानंतर निकोल्स ती सोडून पुन्हा रंगभूमीकडे वळणार होत्या. एका कार्यक्रमात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि सोडू नका म्हणाले. कृष्णवर्णीय बाई म्हणजे बहुतेक मोलकरीण, असा तेव्हाच्या अमेरिकी पडद्याचा रिवाज. इथे ती अधिकारी होती. निकोल्स थांबल्या.

मला त्यांच्याबद्दल जास्त आदर वाटतो तो पुढच्या कामासाठी. १९७७मध्ये नासाला स्पेस शटलसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानासाठी, माणसं हवी होती. तोवर नासाने एकाही स्त्रीला अंतराळवीर म्हणून निवडलं नव्हतं. स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी अर्ज करावेत म्हणून निकोल्स नासाच्या वतीने देशभर फिरल्या. एकूण ८,०७९ अर्ज आले. जानेवारी १९७८मध्ये ३५ जण निवडले गेले, त्यांत ६ स्त्रिया. अंतराळात गेलेल्या पहिल्या अमेरिकी स्त्री सॅली राइड याच तुकडीतल्या. सगळ्यांनी निकोल्स यांच्यामुळेच अर्ज भरला असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या फिरण्याचा वाटा मोठा होता.

याच तुकडीतले रोनाल्ड मॅकनेअर. साउथ कॅरोलायनातल्या लेक सिटी गावचे. नऊ वर्षांचे असताना वाचनालयात पुस्तकं घ्यायला गेले, तर कृष्णवर्णीय म्हणून नाकारलं आणि पोलिसांना बोलावलं. पोरगा हलला नाही, पुस्तकं घेऊनच घरी आला. त्यांचा भाऊ सांगतो, ‘स्टार ट्रेक’ मला कल्पनेचा खेळ वाटायचा, रोनाल्डला ते खरोखर घडू शकेल असं वाटायचं. १९८४मध्ये ते अंतराळात जाऊन आले. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर या स्पेस शटलच्या अपघातात गेले. आज त्याच वाचनालयाच्या इमारतीत त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

आणि तुम्हाला थेट उदाहरण हवं असेल तर डॉ. मे जेमिसन. शिकागोत उहुराला बघत वाढलेली मुलगी, सप्टेंबर १९९२मध्ये अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. एंडेव्हर यानात आपली कामाची वेळ सुरू झाली की त्या पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाला उहुराचं ठरलेलं वाक्य ऐकवायच्या: ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन,’ म्हणजे संपर्काची वाट खुली आहे.