स्पेनमधलं तोलेदो पायी बघणार असाल तर

पहिलं सांगते, एका दिवसात माद्रिदहून जाऊन परत येऊ नका. वेगवान गाडीने अर्धा-पाऊण तासच लागतो, म्हणून बहुतेक जण तसंच करतात. पण संध्याकाळी गर्दी ओसरल्यावरच हे गाव खरं भेटतं. एक रात्र राहाच.

स्टेशनवरून बस घेऊ नका. अल्कांतारा पुलावरून ताहो नदी ओलांडून चढत जा, म्हणजे टेकडीवरचं गाव हळूहळू वर येताना दिसतं. मात्र चढ खडा आहे आणि गल्ल्यांत गोटे बसवलेत. चाकांची बॅग तिथे जिवावर येते, पाठीवरचीच आणा. बूट जुने, सरावाचे हवेत.

आत गेल्यावर नकाशा खिशात ठेवा. चुकलात तरी काळजी नको, तीन बाजूंनी नदीच आहे. बघण्याचा क्रम मात्र मी असा ठेवेन: आधी 999 साली बांधलेली छोटी मशीद (आज तिला क्रिस्तो दे ला लूस म्हणतात), मग सांता मारिया ला ब्लांका हे जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मग 1226 मध्ये सुरू झालेलं कॅथेड्रल. तिन्ही धर्मांच्या वास्तू एवढ्या जवळ, आणि सिनेगॉगमध्येही मशिदीसारख्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी! तिथे घाई करू नका. सांतो तोमे चर्चमधलं एल ग्रेकोचं मोठं चित्रही चुकवू नका.

उन्हाळ्यात दुपारी दोन ते सहा सावलीत बसा. उन्हं उतरली की सान मार्तीन पुलावरून पलीकडे जा आणि नदीकाठच्या चढाने मिरादोर देल वाये या गाव समोर दिसणाऱ्या जागेपर्यंत चाला. पाणी सोबत ठेवा, वाटेत दुकानं फारशी नाहीत.