थंडीत कोंबड्यांची अंडी कमी झालीत, खुराड्यात बल्ब लावू का?

लावा, पण आधी खुराडं उघडायची वेळ बदला. तुम्ही लिहिलंय की १० कोंबड्या आहेत, दिवाळीपर्यंत रोज ६-७ अंडी मिळायची ती आता २-३ वर आलीत, आणि खुराडं सकाळी ८ ला उघडता, ऑफिसवरून आलं की ७ ला बंद करता. निम्मी भानगड तिथेच आहे.

मी जुन्नर तालुक्यातली, वस्तीवर १४ कोंबड्या आहेत. आपल्याकडे डिसेंबरात दिवस ११ तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा, म्हणजे फरक फक्त सव्वादोन तासांचा. यूट्यूबवर इंग्लंडवाले दाखवतात तिकडे थंडीत दिवस ८ तासांवर येतो, त्यांचं बघून आपण घाबरायचं कारण नाही. पण तुमचं खुराडं चारी बाजूंनी पत्र्याचं असेल तर ८ पर्यंत आत रात्रच की, सूर्य ७ ला उगवलाय आणि त्यांना पत्ता नाही, आहे त्या ११ तासांतला एक तुम्हीच कापताय. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. पूर्वेकडचा एक पत्रा काढून बारीक जाळी ठोका, मग दार उशिरा उघडलं तरी दिवस वेळेवर सुरू होतो.

आता बल्ब. मी पहिल्या वर्षी संध्याकाळी लावला, रात्री १० पर्यंत, कारण तेच सोयीचं वाटलं. एक दिवस पावणेनऊला लाईट गेली, कोंबड्या खालीच दाणे टिपत होत्या, अंधारात त्यांना दिसत नाही त्यामुळे दांडीवर चढताच येईना, सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर, सकाळी दोन गुदमरून मेलेल्या. तेव्हापासून बल्ब पहाटेच. ५ ते ७, साध्या टायमरवर, ५-७ वॅटचा पिवळा एलईडी पुरतो. पहाटे लाईट गेली तरी त्या दांडीवरच असतात, बिघडत काही नाही. आणि एकदम दोन तास नको, आठवड्याला अर्धा अर्धा तास वाढवा. मध्येच बंद करू नका, दिवस अचानक लहान झाला की त्या अंडी थांबवून पिसं झाडायला घेतात.

त्यावरून आठवलं, खुराड्यात पिसांचा सडा पडलाय का बघा. वर्षावरच्या कोंबड्या दिवस लहान व्हायला लागला की पिसं झाडतात, त्यात दोन-तीन महिने जातात, खाल्लेलं सगळं नव्या पिसांत जातं. त्यांना बल्ब लावून पिळू नका, शेंगदाण्याची पेंड द्या आणि गप्प बसा. गावरान असेल आणि एखादी खुडूक होऊन (अंडी उबवायला) कोपऱ्यात फुगून बसली असेल तर तिलाही उजेडाने फरक पडत नाही. आणि ५ महिन्यांच्या आतल्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या पोरसवदा कोंबड्यांना) जास्तीचा उजेड अजिबात नको, अंग भरायच्या आधीच अंड्यावर येतात, मग अंडं अडकायची भीती.

संध्याकाळचं ७ पण जमणार नाही. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, साडेसहाला अंधार, तो अर्धा तास रानमांजराचा. आमच्याकडे तर बिबट्यामुळे तिन्हीसांजेला माणूसच आत असतो. सासूबाई घड्याळ बघत नाहीत, कोंबड्या आपणहून खुराड्याकडे वळल्या की मोजतात आणि कडी लावतात, मी मोबाईलवर ७ चा अलार्म लावून दोन कोंबड्या घालवल्या तेव्हा कुठे त्यांचं ऐकलं. शेजारच्या कुणाला तरी सांगून ठेवा. दार लावायच्या आधी मूठभर मका किंवा बाजरी टाका, १३ तासांची रात्र उपाशीपोटी काढायची असते त्यांना.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो ते खरं, पण वाढतो संध्याकाळकडून, सूर्य उगवतो मात्र जानेवारी संपेपर्यंत सातनंतरच. म्हणून बल्ब फेब्रुवारी अर्धा होईपर्यंत ठेवा, मग हळूहळू कमी करा, तोवर बाहेरचा उजेड वाढलेला असतो. एप्रिल-मेमध्ये उजेड भरपूर पण दुपारी त्या चोच उघडून धापा टाकतात, खाणं तुटतं, कवच पातळ पडतं, तेव्हा खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात आणि जाळीवर ओलं गोणपाट. पावसाळ्यात आभाळ दाटलं की चारलाच आत शिरतात, लगेच कडी लावू नका, उघडीप झाली की परत बाहेर येतात.

कोंबड्या किती महिन्यांच्या आहेत आणि गावरान की आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) ते लिहा, म्हणजे पिसांचं प्रकरण आहे की नुसत्या उजेडाचं ते कळेल.